फुलांची दरी

फुलांची दरी : हिमालयाच्या गढवाल विभागातील, पावसाळी रानफुलांसाठी विख्यात असलेली एक उंच दरी व राष्ट्रीय उद्यान. ती उत्तराखंड राज्याच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या उत्तरेस आहे. हा प्रदेश २००० सालापर्यंत उत्तर प्रदेश राज्यात मोडत असे. उद्यानाचे क्षेत्रफळ ८७·५ चौ. किमी. आहे. झास्कर पर्वतरांग आणि बृहद् हिमालय यांच्यामधील संक्रमण-पट्ट्यात दरीचे स्थान असल्याने दोन्हींकडील वनस्पती येथे एकत्र आढळतात. दरी सामान्यतः पूर्व-पश्चिम पसरलेली असून तिचा तळ सस. पासून सु. ३,३०० मी. व त्याहून अधिक उंचीवर आहे. उद्यानाच्या सीमेवरील गौरी पर्वत हे शिखर ६,७०० मी.पेक्षा उंच आहे. टिपरा हिमनदीतून उगम पावणारी पुष्पावती नदी दरीतून वाहते. घांघरियाजवळ तिला हेमकुंडाकडून येणारा ओढा मिळतो आणि हा संयुक्त प्रवाह लक्ष्मणगंगा किंवा भ्यूंडारगंगा या नावाने गोविंदघाट येथे अलकनंदेस मिळतो.

या दरीचा ज्ञात इतिहास बहुधा १९३१ सालापासून सांगितला जातो. तथापि तिच्यातील पायवाटा त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. त्या कोणी पाडल्या, कोणत्या कारणाने वापरल्या आणि त्यांपैकी कोणत्या बंद करण्यात आल्या, हे पाहिल्याशिवाय या उद्यानाचा इतिहास पूर्ण होत नाही.

मेंढपाळांची दरी : स्थानिक लोक या सबंध खोऱ्यास भ्यूंडार या नावाने ओळखत. खोऱ्यातील रहिवाशांचे जीवन ऋतुमानानुसार दोन ठिकाणी विभागलेले होते. हिवाळ्यात ते खालच्या बाजूच्या पुलना गावी राहत व उन्हाळ्यात वरच्या भ्यूंडार गावी जात. बर्फ वितळले की मेंढ्या, शेळ्या व इतर गुरे घेऊन मेंढपाळ आणखी वर, बुग्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच कुरणांवर चढत आणि थंडी सुरू होताच खाली उतरत. पुष्पावतीच्या काठची कुरणे याच ऋतुचक्राचा भाग होती. कुरणांबरोबर अतिविष, कुटकी, जटामांसी यांसारख्या औषधी वनस्पतीही लोक गोळा करीत. गढवालमधील लोकसमजुतीप्रमाणे अशा फुललेल्या उंच कुरणांवर आंछरी म्हणजे पऱ्या वावरतात व एकट्यादुकट्या माणसास त्या पळवून नेतात. या समजुतीमुळे तेथे जाताना काही मर्यादा पाळल्या जात. तात्पर्य, दरी अज्ञात नव्हती; तिचे ज्ञान लिखित नव्हते, इतकेच.

गिर्यारोहक व वनस्पतिसंग्राहक : १९३१ च्या जून महिन्यात फ्रँक स्माइथ यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश तुकडीने कामेट (७,७५६ मी.) या शिखरावर पहिले यशस्वी आरोहण केले. मोहिमेनंतर परतताना तुकडीने धौलीगंगेच्या खोऱ्यातून भ्यूंडार खिंड ओलांडली. पावसाचे दिवस होते आणि खिंडीत कडाक्याची थंडी होती. तेथून खाली उतरताच त्यांना फुलांनी भरलेली विस्तीर्ण कुरणे दिसली. तुकडीतील आर. एल. होल्ड्सवर्थ हे वनस्पतींचे जाणकार होते व त्यांनी तेथील फुलांकडे विशेष लक्ष दिले.

स्माइथ यांना या स्थळाचा विसर पडला नाही. १९३७ मध्ये ते केवळ या दरीसाठी पुन्हा गढवालमध्ये आले. मोजके सहकारी बरोबर घेऊन त्यांनी दरीत तळ ठोकला आणि इंग्लंडमधील उद्यानांत लावता येतील अशा वनस्पतींची बीजे व कंद गोळा केले. त्याच मोसमात त्यांनी नीलगिरी पर्वत या शिखरावरही चढाई केली. या वास्तव्यावर आधारलेला द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स हा त्यांचा ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ग्रंथाचे नाव हेच दरीचे नाव बनले. ‘फुलांची दरी’ हे त्याचेच भाषांतर होय. भ्यूंडार हे जुने नाव नकाशावर गाव, नदी व खिंड यांपुरते उरले.

ग्रंथ वाचून या प्रदेशाकडे वळलेल्यांत जोन मार्गारेट लेग या वनस्पतिसंग्राहक महिलेचा उल्लेख करावा लागतो. १९३९ च्या जुलै महिन्यात दरीतील उतारावर फुलांचे नमुने गोळा करीत असता पाय घसरून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे दफन दरीतच करण्यात आले. पुढे त्यांच्या बहिणीने तेथे स्मृतिशिला बसविली. कुरणातील ही समाधी आजही प्रवाशांच्या नेहमीच्या मार्गावरील एक स्थान आहे.

यात्रामार्ग : स्माइथ यांच्या प्रवासाच्या सुमारास शेजारच्याच डोंगरावर एका वेगळ्या वाटेचा प्रारंभ होत होता. दरीच्या दक्षिणेकडील उंच सरोवर लोकपाल या नावाने स्थानिक हिंदूंना पूज्य होते व तेथे लक्ष्मणाचे देवस्थान आहे. गुरू गोविंदसिंग यांच्या नावे असलेल्या बचित्तर नाटक या रचनेत सात शिखरांनी वेढलेल्या हेमकुंडाचा व तेथील पूर्वजन्मीच्या तपश्चर्येचा उल्लेख आहे. ते स्थान म्हणजे हेच सरोवर होय, असे १९३० नंतरच्या दशकात शोध घेणाऱ्या शीख भाविकांनी निश्चित केले. त्यांत सैन्यातून निवृत्त झालेले ग्रंथी सोहनसिंग यांचा पुढाकार होता व अमृतसरचे साहित्यिक भाई वीरसिंग यांनी त्यांस पाठबळ दिले. त्याच दशकात सरोवराकाठी लहानसा गुरुद्वारा उभा राहिला व पुढे यात्रा वाढत गेली.

आजचा पर्वतमार्ग मुख्यतः या यात्रेमुळे घडला. गोविंदघाट ते घांघरिया हे सु. १३ किमी. अंतर लक्ष्मणगंगेच्या काठाने चढावे लागते. अलीकडे पुलनापर्यंत मोटाररस्ता झाल्याने पायी अंतर कमी झाले आहे. घांघरिया (सु. ३,०५० मी.) ही केवळ मोसमी वस्ती असून येथून पुढे दोन वाटा फुटतात. उजवीकडची सु. ६ किमी. लांबीची खडी चढण हेमकुंडाकडे जाते. तीवरून यात्रेकरू व खेचरे यांची सतत ये-जा असते. डावीकडची वाट पुष्पावती ओलांडून भूर्जवृक्षांच्या रानातून सु. ३ ते ४ किमी.वर मुख्य दरीत शिरते. या वाटेवर खेचरे नेण्यास व दरीत मुक्काम करण्यास बंदी असून सकाळी गेलेल्या प्रवाशास सायंकाळपूर्वी घांघरियास परतावे लागते. उद्यान सामान्यतः १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुले असते.

फुलांचे ऋतुचक्र : दरी वर्षातील निम्म्याहून अधिक काळ बर्फाखाली असते. त्यामुळे उगवण, फुलोरा व बीजधारणा या सर्व अवस्था वनस्पतींना चार-पाच महिन्यांत उरकाव्या लागतात. एकाच वेळी सर्व फुले दिसत नाहीत. दर पंधरवड्यास कुरणाचा रंग पालटतो. जूनमध्ये बर्फ ओसरताच ओलसर जागी प्रिम्युला व ॲनिमोनी यांच्या जाती फुलू लागतात. जुलैमध्ये पोटेंटिला, जिरेनियम व ऑर्किडांच्या जाती येतात. खडकाळ उतारांवर निळी हिमालयी अफू (मेकोनॉप्सिस ॲक्युलिएटा) दिसते. जुलैअखेर ते ऑगस्ट हा बहराचा काळ होय. या वेळी आपल्याकडील तेरड्याच्या प्रजातीतील गुलाबी फुलांनी विस्तीर्ण पट्टे व्यापलेले असतात. सप्टेंबरमध्ये ॲस्टर व जेन्शियन यांची निळी-जांभळी फुले येतात आणि पाने तांबूस होऊ लागतात. ब्रह्मकमळ (सॉस्युरिया ऑबव्हॅलाटा) मात्र दरीच्या तळाशी क्वचितच दिसते. त्यासाठी हेमकुंडाच्या वाटेवरील उंच खडकाळ भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जावे लागते. येथील सपुष्प वनस्पतींच्या जाती सु. ५०० वा त्याहून अधिक असल्याचे सर्वेक्षणांत आढळले आहे. प्राण्यांपैकी हिमबिबट्या, अस्वले, कस्तुरी मृग व भरल आणि पक्ष्यांपैकी मोनाल उल्लेखनीय होत.

राष्ट्रीय उद्यान व चराईबंदी : १९६२ च्या भारत-चीन संघर्षानंतर सीमाप्रदेशातील संचारावर निर्बंध आले व तिबेटशी चालणारा भोटिया लोकांचा जुना व्यापार थांबला. पुढील काळात प्रवासी व यात्रेकरू वाढले, तसा दरीवरील भारही वाढला. १९८०–८२ या काळात दरीस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला व १९८३ पासून तेथील चराई पूर्णपणे बंद झाली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या नंदादेवी जीवावरण राखीव क्षेत्रात दरीचा पुढे गाभाक्षेत्र म्हणून समावेश झाला. २००५ मध्ये नंदादेवी या जागतिक वारसास्थळाची व्याप्ती वाढवून त्यात ही दरी अंतर्भूत करण्यात आली.

चराईबंदीनंतर काही वर्षांतच एक अनपेक्षित प्रश्न पुढे आला. चुक्याच्या कुलातील पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही पुरुषभर उंच वाढणारी, दाट पानांची वनस्पती दरीच्या मोठ्या भागात पसरू लागली. ती परकी नसून हिमालयातीलच आहे. परंतु तिच्या सावलीत ठेंगण्या फुलझाडांस प्रकाश मिळत नाही. या प्रसाराविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एका मताप्रमाणे मेंढ्या व शेळ्या या वनस्पतीचे कोवळे कोंब खात व तुडवीत असल्यामुळे तिची वाढ मर्यादेत राहत असे. कळप गेले आणि हा लगाम सुटला. दुसऱ्या मताप्रमाणे ही वनस्पती मुळातच विस्कळीत जमिनीवर वाढणारी आहे. हिमलोट व दरडी कोसळलेल्या जागा आणि कळपांच्या जुन्या तळांवरची शेणखताने सकस झालेली माती तिला मानवते. म्हणजे तिचे मूळ चराईबंदीत नसून पूर्वीच्या अतिरिक्त चराईत आहे. शिवाय मेंढपाळांच्या तळांबरोबर औषधी मुळ्यांची खोदाईही होत असे व ती बंद झाल्याने दुर्मिळ जातींना जीवदान मिळाले, असेही या पक्षाचे म्हणणे आहे. वनखात्याने मात्र ही वनस्पती मजुरांकरवी उपटून काढण्याचा उपक्रम अनेक वर्षे चालविला आहे. म्हणजे जे काम कळप करीत होते असे एक पक्ष म्हणतो, तेच आता माणसाच्या हातांनी करावे लागते.

या वादात एक गोष्ट निर्विवाद आहे. स्माइथ यांनी पाहिलेली व जगाने नावाजलेली दरी ही चराई होणारी दरी होती. तिला मानवी स्पर्श न झालेले अरण्य समजून तिचे संरक्षण योजणे ऐतिहासिक दृष्ट्या बरोबर ठरत नाही. तसेच पूर्वीची चराई सर्वस्वी निरुपद्रवी होती, असे मानण्यासही आधार नाही. कळपांची संख्या, काळ व फिरण्याची पद्धत यांवर परिणाम अवलंबून असतो. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर असाच प्रश्न उद्‌भवला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट झालेल्या या पठारावरील कुंपण व गुरांना केलेली मनाई यांमुळे गवत माजून फुले घटली का, यावर तेथेही वाद झाला.

ग्रामस्थ व आपत्ती : चराईचा हक्क गेल्यानंतर भ्यूंडार-पुलना येथील कुटुंबांचा निर्वाह हळूहळू यात्रा व पर्यटन यांवर अवलंबून राहिला. वाटेवरील चहाची दुकाने, हमाली, खेचरांचा धंदा ही त्यांची उपजीविका झाली. पुढे वनखात्याच्या साहाय्याने ग्रामस्थांची परिसर-विकास समिती स्थापन झाली. हेमकुंडाच्या मार्गावर वर्षानुवर्षे साठलेला प्लास्टिक व इतर कचरा काढणे आणि वाट स्वच्छ ठेवणे हे तिचे महत्त्वाचे कार्य होय.

१६–१७ जून २०१३ रोजी उत्तराखंडात झालेल्या अतिवृष्टीत लक्ष्मणगंगेस महापूर आला. भ्यूंडार व पुलना येथील घरे, गोविंदघाटचा पूल आणि घांघरियाकडील पायवाटेचा बराचसा भाग वाहून गेला. दरीत जाणारी वाटही तुटली. तिची नव्याने आखणी होऊन उद्यान पुन्हा खुले होण्यास वेळ लागला. कुरणातील फुले मात्र त्या वर्षीही आपल्या ऋतूनुसार फुलली असणार. पाहणारे तेवढे नव्हते.

महत्त्व : उंच पर्वतीय कुरणांच्या संरक्षणात या दरीचे स्थान दुहेरी आहे. अल्प क्षेत्रात एवढ्या जातींना आसरा देणारी ही भूमी वनस्पतिविज्ञानाच्या दृष्टीने मोलाची आहे. त्याचबरोबर मेंढपाळ, गिर्यारोहक, यात्रेकरू व पर्यटक यांच्या वाटा येथे एकमेकींवर कशा आल्या, याचे ती उदाहरण आहे. त्यांपैकी सर्वांत जुनी वाट बंद करून चाळीस वर्षे उलटली. तिचा परिणाम मोजण्यासाठी मर्यादित जागेत, मोजक्या कळपांनिशी नियंत्रित चराईचे दीर्घकालीन प्रयोग करणे आणि त्यात भ्यूंडारच्या वृद्ध मेंढपाळांचे अनुभव नोंदवून घेणे आवश्यक आहे. ते अनुभव लिखित नाहीत आणि ते सांगू शकणारी पिढी आता अल्प उरली आहे.