पाणी, जमीन आणि वारा

शहर वाढू लागले की त्यास दूरच्या मुलुखाची गरज भासते. तेथील रहिवाशांची आठवण मात्र पुष्कळदा मागाहून होते. मुंबईच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात ह्याचे दोन ठळक दाखले सापडतात. ज्या गावांच्या पठारांवर आज पवनचक्क्या उभ्या राहत आहेत, त्या गावांचे मन जाणण्यास हे दाखले उपयोगी पडावेत.

पहिला दाखला मुळशीचा. मुंबईस वीज हवी म्हणून टाटा कंपनीने मुळा-निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण योजिले. घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात भिऱ्यास सोडून वीज करावयाची, हा बेत शास्त्रदृष्ट्या उत्तम होता. परंतु त्यापायी आंबेमोहर पिकविणारी मावळातील गावे बुडणार होती. तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट ह्यांस ‘सेनापती’ हे नाव मिळाले ते ह्याच लढ्यात. तथापि पुष्कळ जमिनी कागदोपत्री सावकारांच्या होत्या. त्यांनी मोबदला घेतला आणि कसणाऱ्यांची बाजू लंगडी पडली. १९२४ च्या अखेरीस लढा मावळला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली.

पुढे अर्धे शतक लोटले. मुंबईस आता जागा अपुरी पडू लागली. १९७० साली सिडको स्थापन झाले आणि खाडीपलीकडील ठाणे, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गावांची भातशेती व मिठागरे नव्या मुंबईसाठी नेमण्यात आली. येथील आगरी-कोळी शेतकऱ्यांपैकी अनेक पिढीजात कुळे होती. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने त्यांस मालकीचा हक्क दिला होता. तेरा वर्षे होतात न होतात तोच तो हातचा जाऊ लागला. दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली ते उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यानंतरच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास देण्याचे धोरण आकारास आले. शहर नको, असे ह्या लोकांचे म्हणणे नव्हते. शहरात आपला वाटा असावा, एवढेच होते.

आता वाऱ्याची पाळी आली आहे. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या खोऱ्यावरील वनकुसवडे पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. पवनचक्की गाव बुडवीत नाही. तिच्या पायथ्यास जागाही थोडी लागते. परंतु रस्ता आणि तारांचे खांब शेतांतून व गायरानांतून जातात, आणि कागदावरचा मालक व प्रत्यक्ष कसणारा हा मुळशीचाच भेद पुन्हा उभा राहतो. म्हणून नव्या योजनेविषयी गावकरी शंका काढतात, तेव्हा त्यांस प्रगतीचे वैरी ठरविणे उचित नव्हे. धरणाखालची जमीन परत मिळत नसते. पवनचक्कीखालचा शेतकरी मात्र आपल्या शेतात राहून तिच्या उत्पन्नाचा भागीदार होऊ शकतो. ज्या कामात वाटा देणे इतके सोपे आहे, तेथे आधी विचारण्यास हयगय झाली, तर तिला कोणती सबब पुरेल?