'शेड्यूल' : एका चिठ्ठीचा इतिहास

आमच्या अंबाजोगाईच्या महाविद्यालयात 'शेड्यूल' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानी पडतो. परीक्षेचे शेड्यूल, तासिकांचे शेड्यूल. परवा प्रवेश-अर्जावर 'शेड्यूल्ड कास्ट' वाचून एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वेळापत्रकाचा आणि आपल्या जातीचा काय संबंध?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कागदाचा लहानसा तुकडा, चिठ्ठी. पुढे इंग्रजीत कायद्याला जोडलेली यादी. वेळापत्रक हा अर्थ नंतरचा. पूर्वी सरकारदरबारी आम्ही 'डिप्रेस्ड क्लासेस' होतो. १९३१ साली बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी गोलमेज परिषदेपुढील निवेदनात या नावाला हरकत घेतली. 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू' अशी नावे सुचविली. ही नावे नकार सांगणारी होती. १९३५ च्या कायद्याने दिले ते मात्र यादीतले नाव. तरीही १९४२ साली नागपुरात याच कोरड्या कचेरी-शब्दाखाली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले, हे विसरून चालणार नाही.

ब्रिटिश प्रांतांची १९३६ ची यादी निजामाच्या मुलखाला लागू नव्हती. हैदराबाद राज्यातील जाती यादीत आल्या त्या १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने. दाखल्यासाठी आजही याच तारखेपूर्वीचा पुरावा मागतात. माझ्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. अखेर महारकीच्या इनामी जमिनीचा एक जुना कागद सापडला, तो उर्दूत, तालुका मोमिनाबाद! (अंबाजोगाईचे निजामी नाव.) तो वाचणारा माणूस मिळेपर्यंत माझ्या प्रवेशाची मुदत टळून गेली. वर्ष वाया गेले.

आणखी एक गाठ होती. या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदू असण्याची अट होती. १९५६ साली शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली. पाठोपाठ आमचे घर बौद्ध झाले आणि केंद्राच्या यादीबाहेर पडले. महाराष्ट्र शासनाने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीचे दार बौद्धांना उघडले ते १९९० साली. जात टाकली म्हणून चिठ्ठीवरून नाव गेले. गावाने मात्र जात सोडली नव्हती.

त्या विद्यार्थ्याला मी हे सांगितले. त्याचा दाखला अद्याप आलेला नाही. अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.