पहिल्या पाळीसाठी एका गुंड्यातली कानपट्टी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्या आणि मशीनशॉप आहेत. थंडीत पहाटेच्या पाळीला निघणाऱ्यासाठी ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात काय विणावं? मफलर एवढ्यात पुरा होत नाही, आणि झाला तरी नकोच. त्याचं लोंबतं टोक लेथच्या फिरत्या चकमध्ये अडकलं तर गळ्याला फास बसतो. चालू यंत्राची तपासणी करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारेच कपडे घालावेत, असं कारखाने अधिनियम, १९४८ मध्येही होतं.

त्यापेक्षा कानपट्टी विणा. ८ नंबरच्या सुयांवर २० टाके घाला आणि दोन्ही बाजूंनी सुलटच विणत जा. लांबी डोक्याच्या घेराहून चार-पाच सेंमी कमी असतानाच टाके बंद करून टोकं शिवा, म्हणजे पट्टी ताणून नीट बसते.

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ठिणगी पडली तर तेच वितळलेलं ॲक्रिलिक कातडीला चिकटतं. म्हणून कामावर पोचल्यावर पट्टी लॉकरमध्ये. भट्टीपाशी तर खऱ्या लोकरीचीही नको. तिथे कारखान्याने दिलेली सुरक्षा साधनंच वापरायची.