जवळचे कॉलेज, लांबचे कॉलेज

बारावीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागातील पुष्कळ घरांत एकच वाद सुरू होतो. मुलाला गावच्या कॉलेजात घालायचे की पुण्या-मुंबईला पाठवायचे? आई म्हणते, घरचे दोन घास खाईल, डोळ्यांसमोर राहील. वडील म्हणतात, इथे राहून कूपमंडूक होईल. मुख्याध्यापक असल्यामुळे हा वाद माझ्या टेबलापर्यंत येतो. मी इतिहासाचा विद्यार्थी. म्हणून सल्ला देण्याआधी मला नेहमी मागे वळून पाहावेसे वाटते.

निवड करायची तर आधी दोन दारे उघडी असावी लागतात. बेळगावात लिंगराज कॉलेज निघाले १९३३ साली, राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे, सांगलीचे विलिंग्डन १९१९ चे. त्याआधी इकडच्या मॅट्रिक झालेल्या मुलाने कोल्हापूर गाठावे, नाही तर पुणे-मुंबई. ज्याला ते परवडत नसे त्याचे शिक्षण तिथेच संपे; मग कचेरीतली कारकुनी किंवा शाळेतली मास्तरकी. मुलींना परगावी ठेवण्याची तर गोष्टच नको. म्हणून जवळच्या कॉलेजला कोणी नाक मुरडले की मला वाईट वाटते. कित्येक घरांतली पहिली पदवीधर स्त्री या जवळच्या कॉलेजांनीच घडवली आहे.

आता दोन उदाहरणे पाहू. दोन्ही आपल्याच वाटेवरची आहेत.

कोल्हापूर-बेळगाव रस्त्यावरचे कागल आपल्या ओळखीचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील तिथे नोकरीला होते. १८७९ साली ते वारले आणि थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत. १८८१ साली गोपाळ मॅट्रिक झाला. पुढे शिकावे की नोकरी धरावी, असा प्रश्न पडला तेव्हा वहिनीने अंगावरचे दागिने पुढे केले. तो गेला राजाराम कॉलेजात, म्हणजे घरापासून सर्वांत जवळच्या. तिथे कॉलेजचे वर्ग १८८० साली सुरू झाले होते. पुढे काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज झाले आणि शेवटच्या वर्षाला मुंबईचे एल्फिन्स्टन. तिथे महिना २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १८८४ साली, अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. पाया जवळ घातला, कळस लांब चढवला. जवळ की लांब, हा निकाल एकदाच आणि कायमचा लावावा लागतो असे नाही, हे गोखल्यांच्या उदाहरणावरून दिसते.

दुसरे उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे. जन्म धारवाडचा, घरची भाषा मराठी. १९१३ साली मॅट्रिक झाले तेव्हा धारवाडात कॉलेजच नव्हते, म्हणून पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले. १९१८ साली बी. ए. होऊन धारवाडला परतले आणि शाळेत शिक्षक झाले. गंमत अशी, की पुण्यासारख्या मराठी शहरात राहून त्यांची कन्नड कविता मुळीच कोमेजली नाही. उलट तिथेच त्यांनी काव्यप्रेमी मित्रांचे 'शारदा मंडळ' जमवले. पुढे 'नाकु तंती'साठी १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, आणि मराठीतही त्यांनी लिहिले. मूल लांब गेले की भाषेला आणि घराला मुकते, ही आपल्या दुभाषी घरांतली मोठी भीती. ती सर्वस्वी खोटी नाही, पण तसे होणे अटळही नाही.

म्हणून पालकांना मी एवढेच विचारतो: लांबच्या कॉलेजात असे काय आहे, जे इथे नाही? उत्तर एखादा विषय, एखादी प्रयोगशाळा, चांगले ग्रंथालय किंवा मुलाहून हुशार असे सोबती असेल, तर कर्ज काढूनही पाठवा. उत्तर नुसते 'शहराचे नाव' असेल, तर गाडीभाडे वाचवा. आणि मूल जवळच राहणार असेल, तर त्याला सुखासीन होऊ देऊ नका. वर्गात पहिला येणे सोपे झाले, की त्याच्यापुढे अवघड पुस्तक ठेवा. मराठी माध्यमातून आलेल्याने कन्नडही नीट शिकावे आणि इंग्रजीही. आपल्या भागात हेच मोठे आव्हान आहे आणि ते घरबसल्या मिळते.

गोविंदरावांनी १५ रुपयांतले ८ रुपये धाकट्या भावाला दिले, म्हणजे निम्म्याहून जास्त. कॉलेज जवळचे असो वा लांबचे, घरातल्या कोणाच्या तरी पोटाला चिमटा बसल्याशिवाय मूल शिकत नाही. त्या चिमट्याची जाणीव मुलाने बरोबर नेली, तर ते कुठेही शिकले तरी चालेल.