स्थिर चौकोन, अस्थिर नजर : ब्रिजेट रायली यांची काळी-पांढरी चित्रे

१९६१ साली लंडनमध्ये तीस वर्षांच्या ब्रिजेट रायली यांनी हार्डबोर्डवर टेम्पेरा रंगांत काही काळे-पांढरे चौकोन रंगवले. चित्राचे नाव ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’. त्यात ना माणूस, ना निसर्ग, ना रंगछटा. तरीही ते पाहणाऱ्याला आपण एखाद्या घळीच्या तोंडाशी उभे आहोत, असे वाटते. हा धागा त्या घळीविषयी.

रचना अगदी साधी आहे. डाव्या कडेला बुद्धिबळाच्या पटासारखी घरे. उजवीकडे सरकताना घरांची उंची तीच राहते, रुंदी मात्र घटत जाते. मध्याच्या थोडे पुढे ती रेघांएवढी बारीक होतात आणि मग पुन्हा रुंदावू लागतात. बस्स, इतकेच! पण डोळ्यांना दिसतात ते दोन फुगीर पृष्ठभाग, एका फटीत गडप होणारे.

खोलीचा हा भास येतो कुठून? लांबवर पसरलेल्या फरशीच्या लाद्या दूर जाताना आक्रसत दिसतात; म्हणून आक्रसणे म्हणजे दूर जाणे, असा अर्थ मेंदू सवयीने लावतो. प्रबोधनकाळातील युरोपीय चित्रकारांनी याच सवयीच्या आधारे दालने आणि रस्ते उभे केले. रायली यांनी दालन काढून टाकले, रस्ता काढून टाकला आणि केवळ आक्रसणे शिल्लक ठेवले.

गतीचे कोडे अधिक बिकट. आपण टक लावून पाहत असतानाही डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो. तो सूक्ष्म हिसके घेत राहतो. काळ्या-पांढऱ्याच्या तीव्र विरोधामुळे नजरेत प्रतिमेचा ठसा मागे उरतो, तो मूळ कडांवरून किंचित सरकतो आणि पृष्ठभाग थरथरू लागतो. स्थिर रेषाकृतींत दिसणाऱ्या अशा हालचालीवर डोनाल्ड मॅके या शास्त्रज्ञाने १९५७ मध्येच ‘नेचर’मध्ये लिहिले होते. नेमक्या कारणांविषयी शास्त्रज्ञांत आजही मतभेद आहेत.

रायली मात्र या वाटेवर प्रयोगशाळेतून आल्या नाहीत. १९५९ मध्ये त्यांनी फ्रेंच चित्रकार सोरा याच्या कूर्बव्हा येथील पुलाच्या चित्राची प्रतिकृती केली. सोराचे सुटे ठिपके पाहणाऱ्याच्या नजरेत एकत्र येतात. चित्र पूर्ण होते ते डोळ्यात, हा धडा तिथला. पुढे १९६३ च्या ‘फॉल’मध्ये एकच वक्ररेषा शेजारी शेजारी पुनरावृत्त होते, तिची वळणे खाली येताना दाट होत जातात आणि कापड कोसळत असल्याचा भास होतो.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम साइट्झ यांनी ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन मांडले. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर रायली यांचे ‘करंट’ होते. प्रदर्शनाला गर्दी लोटली. अनेक समीक्षकांनी मात्र नाके मुरडली. ‘ऑप आर्ट’ची लाट दुकानांच्या काचांपर्यंत पोचली. कपड्यांचे उत्पादक आणि कलासंग्राहक लॅरी ऑल्ड्रिच यांनी तर आपल्या संग्रहातील रायली यांच्या चित्रावरून कापड छापून त्याचे पोशाख शिवून घेतले. रायली संतापल्या, कायदेशीर दाद मागण्याचा विचारही त्यांनी केला. पण तत्कालीन अमेरिकी कायद्याचा त्यांना आधार मिळाला नाही.

हा राग केवळ हक्कांपुरता मानणे अपुरे ठरेल. या चित्रांना सपाट आणि निश्चल पृष्ठभाग लागतो. तो खरोखर हलत नाही म्हणूनच त्याचे हलणे आपल्याला अस्वस्थ करते. पोशाखाला चुण्या पडतात, तो अंगाबरोबर वळतो. तिथे खोली खरी, हालचालही खरी. मग डोळ्याला करण्यासारखे काही उरतच नाही, उरते ती नक्षी.

१९६७ मध्ये रायली शुद्ध रंगांकडे वळल्या. पुढच्याच वर्षी व्हेनिस बिनालेमध्ये चित्रकलेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ची मूळ उंची-रुंदी प्रत्येकी साधारण चार फूट आहे. मोबाइलवर पाहणार असाल तर पडदा डोळ्यांजवळ आणा आणि हात स्थिर ठेवा.