चेंगराचेंगरी आणि चालक

१५ जुलै १९९६ रोजी सोमवती अमावास्या होती. क्षिप्रेचे स्नान आटोपून महाकालेश्वराच्या दर्शनास निघालेल्या भाविकांची मंदिर परिसरात अशी दाटी झाली की तीत तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याच दिवशी हरिद्वारलाही असाच अनर्थ घडला. उज्जैनच्या मराठी घरांना हे देऊळ परके नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला, हे आमच्याकडे वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात. १९९६ चा तो सोमवार मात्र सहसा कोणी सांगत नाही. विषय निघालाच तर ‘चेंगराचेंगरी झाली होती’ एवढ्यावर तो संपतो.

या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी यांच्याच कुळातला हा शब्द. अनेकांनी परस्परांना केलेली क्रिया, असा त्याचा अर्थ. म्हणजे मेलेल्यांनी एकमेकांस मारले, असा निवाडा चौकशीपूर्वी शब्दातच होऊन जातो. हिंदीतील ‘भगदड’ हा शब्द तर लोक पळत सुटले असेच सुचवतो. वस्तुतः अशा प्रसंगी बहुधा कोणी पळत नसते. पाऊल टाकायला जागा उरत नाही, छाती फुगत नाही, आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो.

हा निवाडा फिरवून घेण्यासाठी इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या लोकांना २७ वर्षे झगडावे लागले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल संघाचा फुटबॉल सामना होता. बाहेरची गर्दी आवरेना, तेव्हा पोलीस अधिकाऱ्याच्या हुकुमाने एक मोठे दार उघडण्यात आले. आत जाणारा बोगदा आधीच भरून गेलेल्या कठड्यांत नेत होता, आणि तो बंद करण्याचे कोणाला सुचले नाही. त्या दुर्घटनेच्या बळींची संख्या आज ९७ मानली जाते. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याने मात्र प्रेक्षकांनीच दार फोडल्याचे सांगितले, आणि वृत्तपत्रांतून हे प्रेक्षक दारुडे व दंगेखोर ठरले. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी पोलिसी नियंत्रणाच्या अपयशावर बोट ठेवले होते, तरी १९९१ मध्ये ‘अपघाती मृत्यू’ असाच निर्णय लागला. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने कागद उघडले, तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब बदललेले आढळले. त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीची ठरणारी वाक्ये वगळली होती. ज्याने सरकारी दप्तरात आयुष्य घालवले आहे, त्याला हा आकडा वाचून अपरिचित असे काही वाटत नाही, हे खेदाने नमूद करतो. २०१६ मध्ये हे मृत्यू बेकायदा ठरले. तरीही त्या मृत्यूंबद्दल एकही व्यक्ती तुरुंगात गेली नाही. मुख्य अधिकारी २०१९ मध्ये निर्दोष सुटला.

याच लिव्हरपूल शहरात २६ मे २०२५ रोजी विजेतेपदाची मिरवणूक संपत असताना एक मोटार गर्दीत घुसली. १३० हून अधिक माणसे जखमी झाली. कोणी दगावले नाही, हे दैव. चालक जागीच धरला गेला. त्याने प्रथम नाकारलेले गुन्हे पुढे कबूल केले, आणि १६ डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे सात महिन्यांच्या आत, त्याला साडेएकवीस वर्षांची शिक्षा झाली. संतापाच्या भरात त्याने गाडी हाकली, हे त्याच्याच गाडीतील कॅमेऱ्याने सांगितले. ज्या घरांनी १९८९ मध्ये माणूस गमावला, त्यांपैकी कोणी ती शिक्षा ऐकून काय विचार केला असेल, हे मला दुरून सांगता येणार नाही. पण ९७ मृत्यू आणि शिक्षा शून्य, मृत्यू शून्य आणि शिक्षा साडेएकवीस वर्षे, हा हिशेब त्या शहरात कोणी मांडला नसेल असे वाटत नाही.

आपल्याकडे असा हिशेब एकाच तारखेत मांडलेला सापडतो. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. बरोबर सात वर्षांनी, २५ जानेवारी २०१२ रोजी, पुण्यात स्वारगेट आगारातून एका चालकाने एस.टी. बस पळवून भर रस्त्यावर बेफाम हाकली आणि ९ जणांचा बळी घेतला. पुण्यात त्या चालकाचे नाव आजही कोणालाही विचारावे. त्याला सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. शिक्षेबाबत त्याचे म्हणणे ऐकले नाही म्हणून उच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवले. पुन्हा फाशी झाली, ती उच्च न्यायालयात कायम झाली, आणि शेवटी ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची मानसिक अवस्था विचारात घेऊन जन्मठेप दिली. एका माणसाच्या मनात त्या सकाळी काय होते, हे शोधण्यात चार न्यायपीठांनी सात वर्षे घालवली. मला यात वेळेचा अपव्यय दिसत नाही. न्याय असाच असावा. मांढरदेवीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला गेला. लोकांच्या स्मरणात मात्र नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या उरल्या.

चालकाच्या बाबतीतही कायदा नेहमी एवढा खोल गेला, असे नाही. मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ रोजी पदपथावर झोपलेले ७ मजूर मोटारीखाली मेले, तेव्हा सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल अवघे सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षे केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये, पुण्याच्या घटनेच्या थोडेच दिवस आधी, ती कायम ठेवली. परिणाम ठाऊक असून गाडी हाकणे म्हणजे केवळ दुर्लक्ष नव्हे, हे तत्त्व तेथे ठळक झाले. हेच तत्त्व दार उघडणाऱ्याला, बोगदा बंद न करणाऱ्याला, क्षमतेच्या कितीतरी पट माणसे आत सोडणाऱ्याला लावायचे म्हटले, की अडचण येते. तेथे चालक एक नसतो. बैठक असते, तोंडी सूचना असते, टिपणी असते.

टिपणी मीही लिहिली आहे. नोकरीच्या उमेदीच्या काळात एका लहानशा जत्रेत माझी बंदोबस्तावर नेमणूक होती. बांबूचे कठडे मोडून काही बाया पडल्या. एकीचा हात मोडला, एकीच्या बरगड्यांना मार लागला. कठडे आदल्या दिवशीच हलत होते, आणि मी ते पाहिले होते. अहवालात मी लिहिले की श्रद्धाळूंच्या उतावीळपणामुळे अव्यवस्था झाली. असे लिही, म्हणून मला कोणी सांगितले नव्हते. ते वाक्य आपोआप लेखणीतून उतरले आणि वरपर्यंत कोणी त्याला हरकत घेतली नाही. हात मोडलेल्या बाईंना मी नंतर भेटलो नाही.

२०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे. घाट, रस्ते, पूल यांची चर्चा येथे घरोघरी चालते. परवा परिचयातील एक तरुण अधिकारी घरी आले होते, तेव्हा त्यांना सहज विचारले, “एखाद्या घाटावर माणूस मावेनासा झाला, तर मागून येणारा लोंढा थांबवण्याचा हुकूम कोणाच्या सहीने निघेल?” ते जरा थांबले आणि म्हणाले, “काका, पुढच्या बैठकीत विचारतो.”