मानमोडीतील न्यूमोनिया

इ. स. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात शिरलेली इन्फ्ल्यूएंझाची साथ, लोकांच्या तोंडची मानमोडी, प्रथम सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती उलटली. पर्जन्यानेही पाठ फिरविलेल्या त्या वर्षी हिंदुस्थानात कोटीहून अधिक माणसे दगावली. त्यांत ऐन तारुण्यातील कर्ती माणसे फार. पैकी केवळ ज्वराने मेले ते थोडे. ज्वराने श्वासनलिकांचे अस्तर झडे आणि एरव्ही घशात निमूट वसणारे जंतू फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया करीत. जर्मन शास्त्रज्ञ फायफरने १८९२ साली दोषी ठरविलेला जंतूही असा मागून शिरणाराच. मानवी इन्फ्ल्यूएंझाचा मूळ विषाणू १९३३ साली हाती लागला. जतन केलेल्या तत्कालीन फुप्फुसांच्या तपासणीवरून अमेरिकी संशोधकांनी २००८ साली याला पुष्टी दिली. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. मानमोडीच्या वैद्याहाती शुश्रूषेवाचून फारसे काही नव्हते.